संकेतस्थळाचा वेग मोजणारे प्लगइन कसे बसवावे आणि त्याचे आकडे कसे वाचावेत

कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या बेळगाव परिसरातील गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलने भरतात आणि अलीकडे त्यांची निमंत्रणे व्हॉट्सअ‍ॅपवरील एका लिंकमधून घरोघरी पोहोचतात. अशाच एका गावच्या संमेलनाचे, वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवरील संकेतस्थळ मी सांभाळतो. माझ्या घरच्या फायबर जोडणीवर ते क्षणात उघडत असे. जांबोटीकडच्या एका वाचकाने मात्र कळवले की, पान उघडण्याची वाट पाहून शेवटी फोन खिशात ठेवावा लागतो. त्या दिवसापासून मी अंदाजावर विसंबणे सोडले. वेग मोजावा आणि तोही वाचकाच्या बाजूने मोजावा, एवढ्यासाठी ही कार्यपद्धती लिहीत आहे.

प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायची पूरक सुविधा; ते निवडताना पाहावे की आपल्याला नेमके काय मोजायचे आहे. वाचकाच्या फोनवर पान किती वेळात दिसते हे गुगलच्या साइट किट या मोफत प्लगइनमधून कळते, कारण ते पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग-चाचणीचे आकडे थेट आपल्या डॅशबोर्डवर आणते. सर्व्हरच्या पोटात वेळ कुठे जातो हे क्वेरी मॉनिटर नावाचे दुसरे प्लगइन सांगते आणि तेही मोफत आहे. दोघांची कामे वेगळी असल्यामुळे एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

बसवण्यापूर्वी संकेतस्थळाचा पूर्ण बॅकअप घ्यावा. त्यानंतर पेजस्पीड इनसाइट्सवर मुखपृष्ठाची मोबाईल चाचणी तीन वेळा करून मधला आकडा तारखेसह वहीत लिहावा, कारण एकाच पानाचे गुण दर चाचणीला थोडे बदलतात आणि आधीची नोंद नसेल तर पुढील सुधारणा खरी की भासमान हे ठरवता येत नाही. मग प्रशासन विभागातील प्लगइनच्या यादीत नाव शोधून ते स्थापित व सक्रिय करावे. साइट किटला गुगल खात्याने प्रवेश करून संकेतस्थळाची मालकी सिद्ध करावी लागते. हे खाते संस्थेचे असावे. एखाद्या कार्यकर्त्याचे वैयक्तिक खाते वापरले, तर तो गावाबाहेर नोकरीला गेल्यावर सारेच अडते.

आता आकड्यांकडे वळू. पानावरील सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ म्हणजे एलसीपी आणि तो २.५ सेकंदांच्या आत असावा. बोट लावल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देते ते आयएनपी सांगते. हे माप मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या, पहिल्या स्पर्शाचा विलंब मोजणाऱ्या मापाच्या जागी आले असून त्याची मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. वाचत असताना मजकूर खालीवर सरकतो त्याचे माप सीएलएस, ते ०.१ पेक्षा अधिक नसावे. किमान ७५ टक्के भेटींमध्ये ही मर्यादा पाळली गेली, तर पान चांगले मानले जाते. प्रत्यक्ष वापरकर्त्यांची ही माहिती मागील २८ दिवसांची असते, म्हणून आज केलेला बदल तिथे उद्या दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. लहान गावच्या संकेतस्थळाला तेवढे वाचक नसल्याने ती जागा बहुधा रिकामीच राहते आणि मग पेजस्पीड इनसाइट्सच्या प्रयोगशाळेतील चाचणीवर, म्हणजे ठरावीक फोन व जाळे गृहीत धरून केलेल्या चाचणीवर, अवलंबून राहावे लागते. या चाचणीत मोबाईलसाठी सुमारे १.६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाचे मंद ४जी जाळे गृहीत धरलेले असते. खानापूरच्या जंगलपट्टीतील वाचकाचा विचार करता हे गृहीतक मला योग्य वाटते.

आमचा दोष याच चाचणीत सापडला. संमेलनाची निमंत्रणपत्रिका छापखान्याकडून आली तशीच, सुमारे ६ एमबीचे चित्र म्हणून मुखपृष्ठावर लावलेली होती. ६ एमबी म्हणजे ४८ मेगाबिट, १.६ एमबीपीएसने ते उतरायला ३० सेकंद लागतात. पत्रिकेतील मजकूर आम्ही अक्षरांत टंकला. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे हजार चिन्हांना जेमतेम ३ केबी. अध्यक्षांचे छायाचित्र वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात, फोनच्या पडद्याला पुरेल एवढ्या रुंदीचे करून लावले. पहिल्याच पडद्यावर दिसणाऱ्या चित्राला लेझी लोडिंग (वाचक तिथवर सरकेपर्यंत चित्र न उतरवणे) लावू नये, कारण त्याने एलसीपी वाढतो. खालच्या छायाचित्रांना मात्र ते अवश्य लावावे.

सीमाभागातील संकेतस्थळांचे आणखी एक खास ओझे म्हणजे फाँट. मराठीसोबत कन्नड मजकूरही असला की दोन लिप्यांचे फाँट येतात आणि जोडाक्षरांमुळे या फाइली इंग्रजीच्या मानाने बऱ्याच जड असतात. त्या डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या संकुचित स्वरूपात ठेवाव्यात, साधे आणि ठळक एवढीच दोन वजने घ्यावीत आणि प्रत्येक फाँटला युनिकोड-रेंज (तो कोणत्या अक्षरांसाठी आहे ही नोंद) द्यावी, म्हणजे ज्या पानावर कन्नड अक्षर नाही तिथे ब्राउझर कन्नड फाँट उतरवून घेणार नाही. फाँट-डिस्प्ले ही सेटिंग 'स्वॅप' ठेवल्यास फाँट येईपर्यंत मजकूर साध्या अक्षरांत दिसत राहतो. मात्र अक्षरे बदलताना ओळी सरकतात, म्हणून त्यानंतर सीएलएस पुन्हा तपासावा.

चित्रे आणि फाँट हलके करूनही पान सुरू व्हायलाच वेळ लागत असेल, तर क्वेरी मॉनिटर उघडावे. प्रशासकाच्या वरच्या पट्टीत पान तयार होण्याचा वेळ, लागलेली मेमरी, डेटाबेसचा वेळ आणि क्वेरींची, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या विचारणांची, संख्या दिसते. क्वेरींचे घटकानुसार वर्गीकरण पाहिले की कोणते प्लगइन किंवा थीम जास्त वेळ खाते ते नावानिशी कळते, ०.०५ सेकंदांहून अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरी वेगळ्या दाखवल्या जातात. बाहेरच्या सेवांना जाणाऱ्या विनंत्यांची यादीही जरूर पाहावी, कारण समोरून उत्तर येईपर्यंत आपले पान अडून राहू शकते. येथे एक खबरदारी घ्यावी: लॉगइन केलेल्या प्रशासकाला सहसा कॅशेतील (आधीच तयार करून साठवलेले) पान मिळत नाही, त्यामुळे हे आकडे वाचकाच्या अनुभवापेक्षा वाईट दिसतात. ते दोष शोधण्यासाठी वापरावेत, गावच्या समितीला वेग दाखवण्यासाठी नव्हे.

सर्व्हरचा पहिला बाइट ०.८ सेकंदांत येत नसेल, तर पेज कॅशे सुरू करावी आणि होस्टिंगचे केंद्र कुठे आहे ते विचारावे. वाचक बेळगाव, निपाणी, खानापूरचे असताना सर्व्हर अमेरिकेत ठेवण्याचे कारण नाही; मुंबईचे केंद्र मिळत असेल तर तेच घ्यावे.

एका वेळी एकच बदल करावा, कॅशे रिकामी करावी, पुन्हा तीन चाचण्या घ्याव्यात आणि वहीत नोंद करावी. निमंत्रणाची लिंक गटांत पाठवण्याच्या आठवडाभर आधी हे काम उरकावे, कारण लिंक गेल्यावर शेकडो फोन एकाच संध्याकाळी ते पान उघडतात. तपासणी संपली की क्वेरी मॉनिटर निष्क्रिय करावे आणि साइट किट चालू ठेवावे.