मालिकेला मुदतवाढ मिळाली? आता अटी वाचा

इंदूरच्या एका सहकारी बँकेत माझी सगळी नोकरी कर्ज विभागात गेली. व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावर ठरावीक मर्यादेपर्यंत उचलायच्या कर्जाचं, दरवर्षी नूतनीकरण व्हायचं. सियागंजचा एखादा किराणा व्यापारी पेढे घेऊन यायचा, ‘ताई, लिमिट रिन्यू झाली!’ आणि मंजुरीपत्राचं दुसरं पान त्याने उलटलेलंच नसायचं. लिमिट घटवली, मार्जिन वाढवलं, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्या, हे सगळं त्या दुसऱ्या पानावर. जुन्या टीव्ही मालिकेला मुदतवाढ मिळाल्याची बातमी मी त्या मंजुरीपत्रासारखीच वाचते. फक्त मालिकेचं दुसरं पान कुणी छापत नाही, ते पडद्यावर शोधावं लागतं. कसं शोधायचं ते सांगते.

उदाहरणं बरीचशी अमेरिकेतली देणार आहे. लेक न्यू जर्सीत असते, तिच्याकडे गेलं की दुपारी घरात मी आणि टीव्ही. तिथल्या रोजच्या मालिका बहुतेक दुपारीच लागतात, सोमवार ते शुक्रवार, आणि त्यांची वयं ऐकाल तर चक्रावाल. ‘जनरल हॉस्पिटल’ १ एप्रिल १९६३ पासून चालू आहे, ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ १९६५ पासून, ‘द यंग अँड द रेस्टलेस’ १९७३ पासून. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तीन हजारांवर भाग झाले, तेव्हा आपण हात जोडले होते.

बातमी आली की आधी मुदत बघा. ‘मालिका सुरू राहणार’ एवढ्यावर खूश होऊ नका. कधीपर्यंत ते शोधा. ‘यंग अँड रेस्टलेस’ला सीबीएस वाहिनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये चार वर्षं दिली, २०२७-२८च्या हंगामापर्यंत. चार वर्षं म्हणजे लेखकाला लांबचं कथानक मांडता येतं, नटाला घराचं कर्ज घेता येतं. याउलट २००८च्या नोव्हेंबरात एनबीसी वाहिनीने ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ला, म्हणजे ‘डेज’ला, दिलं दीड वर्ष. आणि त्याच महिन्यात दुसरी बातमी आली: डिड्रा हॉल आणि ड्रेक होगेस्टिन या दोघा कलाकारांना खर्च कमी करण्यासाठी नारळ. त्यांची पात्रं मार्लीना आणि जॉन, मालिकेची सर्वांत लाडकी जोडी. आपल्याकडे सासू-सुनेची मालिका चालू ठेवून सासू आणि सून दोघींना घरी पाठवावं, तसलाच हा प्रकार. जानेवारी २००९ मध्ये ते पडद्यावरून गेले आणि २०११ मध्ये परत आले. म्हणून माझा नियम असा की मुदतवाढीची बातमी वाचल्यावर पुढचे पंधरा-वीस दिवस कलाकारांच्या बातम्या वाचायच्या. दोन्ही एका फायलीतले कागद असतात.

मग मालकी बघा. मालिका वाहिनीची स्वतःची आहे की वाहिनी ती बाहेरून घेते? ‘जनरल हॉस्पिटल’ एबीसी वाहिनीच्या घरातलीच. ‘डेज’ बाहेरच्या निर्मात्याची, सोनीच्या भागीदारीतली; वाहिनी तिला भागामागे ठरावीक शुल्क देते. प्रेक्षक घटले की वाहिनी शुल्क कमी करून मागते, निर्माता ‘हो’ म्हणतो कारण ‘नाही’ म्हटलं तर दुकानच बंद, आणि मग उरलेल्या पैशात महिन्याचा संसार बसवतो. ही घासाघीस आकड्यांनिशी बाहेर येत नाही. मालिका परदेशात विकली जात असेल तर निर्मात्याच्या हातात थोडं बळ राहतं. ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ इटलीत वर्षानुवर्षं घरोघरी बघतात, ती मालिका तग धरून आहे त्यात त्याचाही वाटा आहे.

आता पडदा. एक वही घ्या, आठवडाभराचे भाग बघा आणि गोष्ट बाजूला ठेवून तीन रकाने भरा: जागा किती दिसल्या, बोलणारी माणसं किती, न बोलणारी किती.

तिसरा रकाना सगळ्यात बोलका असतो. अमेरिकन मालिकेत कॅफेचा प्रसंग लागला की वेटरकडे बघत जा. बाई कॉफी मागते, वेटर मान डोलावतो, कप ठेवतो, जातो. तोंडातून ‘हो मॅडम’सुद्धा नाही. तिथल्या कलाकार संघटनेच्या करारात गर्दीतल्या माणसाचा दर वेगळा, पाच ओळींपर्यंत बोलणाऱ्याचा वेगळा, त्याहून जास्त बोलणाऱ्याचा वेगळा. वेटरने ‘साखर?’ एवढं विचारलं की तो वरच्या दरात गेला. हात आखडला की आधी असे सगळे वेटर, नर्स, हवालदार मुके होतात. त्यानंतर ते दिसेनासे होतात. इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये दोन डॉक्टर प्रेमाची भांडणं करताहेत आणि मागून एक पेशंट जात नाही, स्ट्रेचर जात नाही, असं सारखं दिसायला लागलं की समजा, पैसे वाचवले जाताहेत. लग्नाला जमलेल्या पाहुण्यांत नुसते घरचे आठजण दिसले तरी तेच समजायचं.

जागांचा रकाना भरताना लक्षात ठेवा, सेट उभा करायला, मोडायला, साठवायला मजूर लागतात. म्हणून एका दिवसात एकाच सेटवरचे पुढच्या कितीतरी भागांचे प्रसंग उरकून घेतात. सगळी पात्रं योगायोगाने एकाच हॉटेलात, एकाच दिवाणखान्यात भेटायला लागली तर तो योगायोग लेखकाने आणलेला नसतो, हिशेबनिसाने आणलेला असतो. मला स्वतःला याचा राग येत नाही. दोन चांगले नट एका खोलीत बसून दहा मिनिटं बोलले तर मी महाल विसरते. नाटकं बघून वाढलेल्या आपल्या लोकांना हे सांगायला नको. राग येतो तो महत्त्वाची घटना दाखवायची सोडून दोन बायकांनी सोफ्यावर बसून सांगितली की.

माणसांच्या रकान्यात एक बारीक गोष्ट. तिकडे कराराचा नट वेगळा आणि अधूनमधून बोलावलेला नट वेगळा. करारातल्याला आठवड्याला ठरावीक भागांचे पैसे मिळतातच, त्याला वापरा की न वापरा. दुसऱ्याला आला त्या दिवसाचे. आवडतं पात्र मेलंही नाही, गावही सोडलं नाही, पण महिन्यातून एकदा दार उघडून ‘मी जरा आईकडे जाऊन येते’ म्हणतं, तर बहुधा त्याची बदली पहिल्या यादीतून दुसरीत झालेली असते.

हे सगळं लगेच दिसेल अशी अपेक्षा मात्र धरू नका. ‘डेज’चं चित्रीकरण सहा-आठ महिने पुढे चालतं. आज कात्री लागली तर पडद्यावर ती पुढच्या ऋतूत दिसणार. म्हणून वहीत तारीख घाला.

कात्रीचे मोठे प्रकारही आहेत. ‘गाइडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली. २००८ मध्ये त्यांनी स्टुडिओतले मोठे कॅमेरे बाजूला ठेवून हातात धरायचे छोटे कॅमेरे घेतले आणि न्यू जर्सीतल्या पीपॅक नावाच्या गावात जाऊन खऱ्या घरांत, रस्त्यांवर चित्रीकरण केलं. स्वस्त पडलं, तरीही १८ सप्टेंबर २००९ ला मालिका संपली. दुसरा प्रकार भागच कमी करायचा: ब्रिटनमध्ये ‘हॉलिओक्स’ २०२४ मध्ये आठवड्याला पाचावरून तीन भागांवर आली. तिसरा, घर बदलायचं. ‘डेज’ सप्टेंबर २०२२ मध्ये एनबीसीवरून उठून पीकॉक या अ‍ॅपवर गेली. लोकांनी तेव्हा श्रद्धांजल्या वाहिल्या, पण ती तिथे टिकली. म्हणून घर बदललं की लगेच हाय खाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत: तिच्या जागी काय आणता येईल आणि ते किती स्वस्त पडेल? ‘गाइडिंग लाइट’च्या जागी बक्षिसांचा खेळ आला, ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’च्या जागी २०१० मध्ये गप्पांचा कार्यक्रम, ‘ऑल माय चिल्ड्रन’च्या जागी २०११ मध्ये स्वयंपाकाचा. चार खुर्च्या, एक ओटा, लेखक मोजके, वेशभूषा घरची म्हटली तरी चालेल. मात्र २०१२ च्या जानेवारीत ‘वन लाइफ टू लिव्ह’च्या जागी जो कार्यक्रम आणला तो त्याच वर्षी गुंडाळला. तेव्हा वाहिनीकडे त्या वेळेसाठी नवा स्वस्त कार्यक्रम तयार होतोय अशी कुजबुज आली तरच काळजी करा.

आता आपल्या मराठी मालिकांचं. आपल्याकडे वाहिनी निर्मात्याला भागामागे पैसे देते आणि चार वर्षांची घोषणा वगैरे होत नाही. गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि सगळे त्या गुरुवारावर जगतात. इथे वेळ बदलणं हे लक्षण धरा. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, वर्षानुवर्षं संध्याकाळी लागायची. मार्च २०२४ मध्ये तिला दुपारी अडीचला आणलं, ३० नोव्हेंबरला ती संपली. दुपारी आली म्हणजे संपलीच असं मात्र नाही, ‘मुरांबा’ने दुपारीच बस्तान बसवलं. संध्याकाळहून दुपारी येणं आणि दुपारीच जन्माला येणं यात फरक आहे: दुसरीचा खर्च पहिल्या दिवसापासून दुपारच्या जाहिरातींच्या भावाने बेतलेला असतो.

आणि आपण इंदूरवाल्यांनी काय करावं? मराठी वाहिन्यांचा जो साप्ताहिक तक्ता बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेकडून येतो तो महाराष्ट्र-गोव्याचा. तोही मीटर बसवलेल्या निवडक घरांतून काढलेला. म्हणजे लोकमान्य नगरातल्या सगळ्या काकू-मावश्या दुपारी अडीचला टीव्हीपुढे बसल्या तरी त्या तक्त्यात काडीचा फरक पडत नाही. अ‍ॅपवर बघितलेलं मात्र कंपनीला कळतं, तुम्ही इंदुरात असा की देवासला. तेव्हा मालिका टिकावी असं वाटत असेल तर नातवाकडून वाहिनीचं अधिकृत अ‍ॅप घालून घ्या, भाग पूर्ण बघा, आणि फुकट्या चॅनेलवर कापून टाकलेले तुकडे बघू नका. वाहिनीला पत्र लिहायचं असेल तर ‘बंद करू नका हो’ असं लिहू नका, कुणी वाचत नाही. कोणतं पात्र, कोणता प्रसंग, घरात कोणकोण मिळून बघतं आणि मधल्या जाहिरातींतलं काय काय विकत घेतलं, ते लिहा. शेवटचं वाक्य जाहिरातवाल्यांसाठी आहे. ते गाळू नका.