डेस्कटॉप ॲपमधून सर्व्हरवरची स्क्रिप्ट बोलावताय? या चुका टाळा

दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आणि लांबच्या सर्व्हरवरची पीएचपी स्क्रिप्ट, ही जोडी माझ्या रोजच्या कामातली. चुकाही रोज त्याच दिसतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ईएक्सईमध्ये, म्हणजे ग्राहकाला दिलेल्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, पासवर्ड किंवा की असं गुपित ठेवणं. "कंपाइल केलंय, आत कोण बघतंय?" असं नवी मुलं बिनधास्त म्हणतात. माझ्याकडे औषधदुकानांचं एक बिलिंग सॉफ्टवेअर आलं होतं. तक्रार अशी, की रात्रीतून स्टॉकचे आकडे बदलतात. सॉफ्टवेअर सी शार्पमधलं. कंपाइल केलेला कोड पुन्हा वाचता येईल असा दाखवणाऱ्या आयएलस्पाय या टूलमध्ये ते उघडलं आणि पाच मिनिटांत सर्व्हरचा पत्ता आणि 'सिक्रेट की' समोर आली. त्याहून वाईट म्हणजे ॲप अख्खी एसक्यूएल क्वेरीच (डेटाबेसला द्यायची आज्ञा) यूआरएलमधून पाठवायचं आणि स्क्रिप्ट ती मुकाट्यानं चालवायची. म्हणजे सॉफ्टवेअरची कॉपी ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळ्या दुकानांचा डेटाबेस. सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये रात्री पावणेदोनच्या अपडेट क्वेरी जशाच्या तशा पडल्या होत्या. काम सोडून गेलेल्या एका मुलाकडे जुनी कॉपी राहिली होती.

ऑब्फस्केटर (कोड मुद्दाम वाचायला अवघड करणारं टूल) लावून हे सुटत नाही, बघणाऱ्याचा फक्त थोडा वेळ जातो. मी ॲपमध्ये काहीच ठेवत नाही. माणूस लॉगिन करतो, सर्व्हर थोड्या वेळाचं टोकन, म्हणजे तात्पुरता पास, देतो. स्क्रिप्टला 'बिल नोंदव', 'स्टॉक दाखव' अशी ठरलेलीच कामं येतात. आत प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधीच ठरलेली, माहिती वेगळी जाते), आणि हे टोकन याच दुकानाचं आहे ना, ही तपासणी दर वेळी.

दुसरी चूक सर्टिफिकेटची, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे हे ॲपला पटवणाऱ्या पुराव्याची. 30 सप्टेंबर 2021 ला फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं जुनं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची चालतात ते) संपलं आणि जुन्या लायब्ररींवरची कित्येक ॲप्स अडली. उपाय होता लायब्ररी आणि रूटची यादी अपडेट करण्याचा. घाईतल्या लोकांनी तपासणीच बंद केली. तपासणीच्या फंक्शनमधून सरळ 'ट्रू' परत! एरर गेली, पण आता वायफायवर मध्ये बसलेला कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट दाखवून पासवर्ड वाचू शकतो. डेटा एन्क्रिप्ट होतोय, पण कुणासाठी? असा कोड दिसला की मला खरंच राग येतो.

प्रत्येक रिलीजआधी मी एमआयटीएमप्रॉक्सी, म्हणजे ॲप आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारं टूल, लावतो आणि त्याचं सर्टिफिकेट मुद्दाम इन्स्टॉल करत नाही. ॲपनं जोडणी नाकारलीच पाहिजे. जोडलं, तर रिलीज थांबतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. डिस्काउंट आणि एकूण रक्कम ॲपनं पाठवलेली खरी मानू नका, सर्व्हरवर पुन्हा हिशेब करा. यूजर एजंट (ॲप स्वतःचं सांगतं ते नाव) तपासणं म्हणजे कुलूप नव्हे, कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलला ते एका ओळीत बदलता येतं. अपडेटची फाइल चालवण्याआधी तिची डिजिटल सही तपासा. डेटाबेसची एरर जशीच्या तशी ग्राहकाच्या स्क्रीनवर नको.

आणि की आधीच ईएक्सईतून बाहेर गेली असेल, तर कोडमधून नुसती पुसू नका. जुन्या कॉपी ग्राहकांकडे आहेतच, कोडचे जुने बदल जपणाऱ्या गिटच्या हिस्टरीतही ती आहे. सर्व्हरवर ती की आजच रद्द करा.