समोरचा दात काढून लगेच इम्प्लांट: या चुका टाळा

दात काढला त्याच बैठकीत इम्प्लांट (मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू) बसवला की हाड टिकतं, हा समज आमच्या इंदूरमध्येही फार पक्का आहे. तो खरा नाही. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडची हाडाची भिंत बहुतेकांत १ मिमीपेक्षाही पातळ असते. तिचं बरंचसं रक्त मुळाभोवतीच्या पडद्यातून येतं. दात गेला की तो पडदाही जातो आणि भिंत झिजू लागते. इम्प्लांटने ही झीज थांबत नाही, हे आराउजो आणि लिंडे या दंतसंशोधकांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं.

म्हणून दंतवैद्यांनी दात काढतानाच जपायला हवं. ओठाकडच्या भिंतीवर एलिव्हेटर (दात उचकटायचं हत्यार) टेकवून जोर लावू नका. पेरिओटोमने, म्हणजे पातळ पात्याच्या हत्याराने, मूळ सावकाश सैल करा, हट्टी असेल तर कापून तुकड्यांनी काढा. शक्य तिथे हिरडी उचलूच नका, कारण उरलेलं रक्त हाडावरच्या आवरणातूनच येतं.

पुढची चूक जागेची. टाळूकडचं हाड टणक, त्यामुळे ड्रिल ओठाकडे घसरतं. इम्प्लांट तिथेच बसला की काही महिन्यांत हिरडी वर सरकते, कॅप लांब दिसते, आणि हे नंतर सुधारणं फार कठीण. सुरुवात टाळूकडच्या भिंतीतच करा. दाताची रिकामी खोबण भरून काढायला जाड इम्प्लांट वापरण्याचा मोहही नको. इम्प्लांट आणि ओठाकडच्या भिंतीत निदान २ मिमी फट राहू द्या आणि तिच्यात हळू विरघळणारा ग्राफ्ट (हाडाची भर) भरा.

इथे थांबून पेशंटशी बोला. नेहमीच्या वापरातला ग्राफ्ट बऱ्याचदा गाईबैलांच्या हाडापासून केलेला असतो. आपल्याकडच्या मराठी, जैन, वैष्णव घरांत हे नंतर कळलं तर मनाला लागतं. कृत्रिम ग्राफ्ट किंवा पेशंटचं स्वतःचं हाड हे पर्याय आहेत. आधी विचारा, कन्सेंट फॉर्मवर लिहून घ्या.

हिरडी पातळ असेल तर टाळूतला ऊतक ग्राफ्ट त्याच वेळी लावावा, नाहीतर खालचा टायटॅनियम करडा झळकतो. इम्प्लांटला हाडात साधारण ३५ एनसीएमची (न्यूटन-सेंटिमीटर, पिळून बसवतानाच्या जोराचं माप) पकड मिळाली नाही तर टेम्पररी कॅप लावू नका. लावलीच तर चावताना खालचे दात तिला टेकता कामा नयेत.

सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) पुढची भिंत गायब दिसली किंवा पू येत असेल, तर दात काढून इम्प्लांटसाठी सहा-आठ आठवडे थांबा. पेशंटला घाई असली तरी.

आणि पेशंटनी पक्की कॅप येईपर्यंत भुट्टा समोरच्या दातांनी सोलू नये. तंबाखू, गुटखा, सिगरेट तर बंदच.