डीएनएस कॅशे पुसण्याआधी या चुका टाळा

वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली. सगळ्यांना नवं पान दिसतं, पण ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर जुनंच उघडतं. मग कुणीतरी सांगतं, ‘डीएनएस फ्लश कर.’ काळी खिडकी उघडते, एक ओळ टाईप होते, ‘सक्सेसफुली फ्लश्ड’ असं उत्तर येतं. पान मात्र जुनंच राहतं. तीच ओळ पुन्हा पाच वेळा मारली जाते. पहिल्यांदा जे झालं नाही ते सहाव्यांदाही होत नाही, कारण शिळा पत्ता त्या कप्प्यात नसतोच.

वेबसाइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, शोधणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जवळ ठेवायचं, हा तिच्या रचनेचाच भाग आहे; या साठ्यालाच कॅशे म्हणतात. ते उत्तर एका जागी राहत नाही. ब्राउझर स्वतःची यादी ठेवतो, विंडोज स्वतःची ठेवतं, बऱ्याचदा राऊटरही ठेवतो, आणि केबलवाल्याचा किंवा इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर तर ठेवतोच. शिवाय होस्ट्स नावाची एक फाईल असते, तिच्यात नावं आणि त्यांचे पत्ते हाताने लिहिता येतात, आणि ती डीएनएस सर्व्हरच्या आधी बोलते. फ्लशची कमांड यातली फक्त विंडोजची यादी पुसते. तेव्हा आधी शिळा पत्ता कोणत्या कप्प्यात आहे ते बघायचं आणि मग हात घालायचा.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाईप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आधी बदला. ही चूकही रोज होते.

न बघता पुसणं

विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस ही कमांड साठवलेली सगळी नावं दाखवते. प्रत्येक नावाखाली पत्ता असतो आणि ‘टाइम टू लिव्ह’ (टीटीएल) म्हणून किती सेकंद उरलेत तो आकडा असतो. यादी लांब असते, म्हणून पुढे उभी रेघ देऊन ‘फाइंडस्ट्र’ आणि डोमेनचं नाव जोडा, म्हणजे नाव यादीत आहे की नाही ते लगेच कळतं. सापडलं तर पूर्ण यादीत त्याच्याखालचा पत्ता वाचा. तो जुना असेल तरच फ्लशचा उपयोग आहे. नाव यादीत नसेल किंवा पत्ता नवाच असेल, तर फ्लश करून काहीही मिळणार नाही. एकदा पुसलं की हा पुरावा परत येत नाही, म्हणून आधी यादीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायची सवय लावा.

पुसण्याची कमांड आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. आयपीकॉन्फिगनंतर एक जागा सोडायची, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ, आणि रेघेनंतर जागा न सोडता फ्लशडीएनएस. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, मधली जागा राहून गेली तरी चालतं, पॉवरशेल या विंडोजच्या नव्या कमांड खिडकीत चालत नाही, तिथे लगेच लाल अक्षरं येतात. उलटी तिरकी रेघ दोन्हीकडे चालत नाही. पॉवरशेलची स्वतःची कमांड क्लिअर-डीएनएसक्लायंटकॅशे अशी आहे. दोन्हींचं काम एकच. ‘कुड नॉट फ्लश’ असं उत्तर आलं तर डीएनएस क्लायंट ही सर्व्हिस बंद केलेली आहे का ते तपासा. ‘कॉम्प्युटर वेगवान करा’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरांनी ती बंद केलेली सापडते.

एनएसलुकअपवर भरवसा

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो, म्हणून सविस्तर.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या सीए ऑफिसचं उदाहरण घेऊ. साइट हलवली आहे, हिशेबाच्या कॉम्प्युटरवर जुनं पान येतंय. सपोर्टचा मुलगा घोडबंदर रोडवरच्या घरून रिमोटने जोडला जातो, एनएसलुकअप मारतो, त्यात नवा पत्ता दिसतो. ‘डीएनएस बरोबर आहे,’ असं तो जाहीर करतो आणि पुढचे दोन तास ब्राउझर काढून पुन्हा टाकण्यात घालवतो.

एनएसलुकअप विंडोजच्या यादीत बघतच नाही. होस्ट्स फाईलही वाचत नाही. ते थेट डीएनएस सर्व्हरकडे जाऊन विचारतं. म्हणजे सर्व्हर काय सांगतो ते कळतं, पण हा कॉम्प्युटर काय धरून बसलाय ते कळत नाही. कॉम्प्युटरचं मत हवं असेल तर पिंग ही कमांड साइटचं नाव देऊन मारा. पिंग विंडोजच्याच मार्गाने नाव शोधतं, आणि पहिल्याच ओळीत चौकटी कंसात पत्ता दाखवतं. पुढे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर घाबरू नका, कित्येक सर्व्हर पिंगला उत्तर द्यायचं बंद ठेवतात. आपल्याला फक्त पहिली ओळ हवी आहे. एनएसलुकअपच्या उत्तरात ‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह’ असं येतं, तीही चूक नव्हे. उत्तर मूळ सर्व्हरकडून न येता साठवणीतून आलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. एनएसलुकअप नवा पत्ता देतं आणि पिंग जुना, तर गडबड याच कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन्ही जुना देत असतील, तर गडबड बाहेर आहे आणि इथे फ्लश मारून उपयोग नाही. दोन्ही नवा देत असतील, तर ब्राउझर बघा. या तीन शक्यता पाठ करून ठेवाव्यात इतक्या उपयोगी आहेत.

त्या सीए ऑफिसात पिंग जुना पत्ता दाखवेल, फ्लशनंतरही तोच दाखवेल, कारण तो होस्ट्स फाईलमध्ये लिहिलेला आहे. मागच्या वेळी साइट हलवताना वेबसाइट बनवणाऱ्याने तपासणीसाठी एक ओळ घातली आणि काम झाल्यावर काढली नाही. असं फार होतं. फाईल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने मिळते. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, ओपनच्या खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडा, कारण होस्ट्सला एक्स्टेन्शन नसतं. ओळ पुसू नका, तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, म्हणजे ती निष्क्रिय होते आणि नोंदही राहते. सेव्ह करताना मागे टीएक्सटी लागलं तर विंडोज ती नवी फाईल वाचणारच नाही आणि जुनीच चालू राहील.

पाच ओळींचा काढा

फ्लशने काम झालं नाही की अधीर माणूस इंटरनेटवरून पाच ओळींचा गठ्ठा उचलतो: रिलीज, रिन्यू, फ्लशडीएनएस, मग नेटश विनसॉक रिसेट, मग नेटश इंट आयपी रिसेट. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. यातली फक्त एक ओळ कॅशेशी संबंधित आहे. बाकीच्या चार वेगळ्याच कामाच्या आहेत आणि त्यांचे परिणाम गंभीर असतात.

रिलीज कॉम्प्युटरला राऊटरकडून मिळालेला आयपी पत्ता सोडून देतं. रिमोटने जोडलेले असाल तर त्याच क्षणी जोडणी तुटते. रिन्यू टाईप करायला स्क्रीनच उरत नाही, आणि कुणीतरी त्या मशीनपाशी जाईपर्यंत ते नेटवर्कबाहेर राहतं. पावसात, संध्याकाळी सात वाजता, घोडबंदरहून वागळे इस्टेटला जावं लागणं म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको.

मशीनला पक्का आयपी दिलेला असेल तर रिलीज नुसतीच चूक दाखवून थांबतं. त्यामुळे सपोर्टच्या मुलाला वाटतं, यात धोका काही नाही. तो पुढे इंट आयपी रिसेट मारतो आणि मशीन रिस्टार्ट करतो. ही कमांड नेटवर्कची सेटिंग मुळापासून नव्याने लिहिते, हाताने भरलेला पक्का पत्ता, गेटवे, डीएनएस सगळं जातं. हिशेबाचं तेच मशीन बाकीच्यांना टॅलीचा डेटा पुरवत असतं. रिस्टार्टनंतर ते राऊटरने दिलेला दुसराच पत्ता घेऊन उठतं, आणि ३० जुलैला, रिटर्न भरायची घाई असताना, सगळ्या टेबलांवर टॅली बंद पडतं. सुरुवात कशाने झाली? होस्ट्समधल्या एका ओळीने.

नेटवर्कची कुठलीही सेटिंग बदलण्याआधी आयपीकॉन्फिग /ऑल मारून त्याचा फोटो मोबाईलमध्ये घ्या. त्याला अर्धा मिनिट लागतो, आणि असा प्रसंग आलाच तर जुने आकडे बघून सगळं पाच मिनिटांत परत भरता येतं.

ब्राउझरला विसरणं

क्रोममध्ये पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, नेट-इंटर्नल्स, तिरकी रेघ, हॅश, डीएनएस असं लिहा आणि ‘क्लिअर होस्ट कॅशे’ दाबा. तिथेच सॉकेट्सच्या पानावर ‘फ्लश सॉकेट पूल्स’ आहे, तेही दाबा, कारण जुन्या सर्व्हरशी उघडी असलेली जोडणी ब्राउझर तशीच वापरत राहतो. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, नेटवर्किंग, हॅश, डीएनएस. ‘सिक्युअर डीएनएस’ चालू असेल तर ब्राउझर विंडोजला न विचारता परस्पर दुसरीकडून पत्ता आणू शकतो, तेव्हा ते सेटिंगही बघा. इनकॉग्निटो खिडकीने होस्ट्स फाईल बदलत नाही.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर दोन कमांड लागतात, लोक एकच मारतात: सुडो डीएसकॅशेयुटिल -फ्लशकॅशे, आणि सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर. एचयूपी मोठ्या अक्षरांत, एमडीएनएसमधला पहिला एम लहान, डीएनएस मोठं, रिस्पॉन्डरचा आर मोठा. पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, तरी तो जातो. एंटर दाबा.

नव्या उबुंटूवर रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस. आधी आणि नंतर रिझॉल्व्हसीटीएल स्टॅटिस्टिक्स मारलं तर साठवलेल्या नावांची संख्या शून्यावर गेलेली दिसते. प्रत्येक लिनक्सवर मुळात कॅशे चालू असतोच असं नाही.

रेकॉर्ड बनवण्याआधी साइट उघडून बघणं

ही निव्वळ अधीरपणाची चूक, आणि तिच्यावर फ्लश कधीच उपाय ठरत नाही.

वाशीतल्या एखाद्या क्लासला निकालासाठी नवा सबडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनच्या आधी जोडलेलं वेगळं नाव, हवा आहे. मालकांना नाव कळतं आणि रेकॉर्ड, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणारी डीएनएसमधली नोंद, तयार होण्याआधीच ते ब्राउझरमध्ये टाकून बघतात. इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर विचारपूस करतो, उत्तर येतं, ‘असं नाव अस्तित्वात नाही.’ हे नकारार्थी उत्तरही साठवलं जातं. १९९८ च्या आरएफसी २३०८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने याचे नियम ठरवून दिले आहेत. किती वेळ साठवायचं ते डोमेनच्या एसओए रेकॉर्डवर (डोमेनची मूळ माहिती देणाऱ्या नोंदीवर) ठरतं: त्याचा शेवटचा आकडा आणि त्याचा स्वतःचा टीटीएल, यातला जो लहान तो. तिथे ३६०० असेल तर तासभर, ८६४०० असेल तर दिवसभर. त्यानंतर दोन मिनिटांत रेकॉर्ड तयार झालं, तरी त्या कंपनीच्या सगळ्या ग्राहकांना तासभर ‘साइट सापडत नाही’ दिसू शकतं.

म्हणून आधी रेकॉर्ड बनवा. मग डोमेनच्या मूळ सर्व्हरलाच विचारा: एनएसलुकअप -टाइप=एनएस आणि डोमेन, यातून त्या सर्व्हरांची नावं मिळतात, मग एनएसलुकअप, नवं नाव आणि त्यापुढे मूळ सर्व्हरचं नाव. तिथे बरोबर उत्तर आलं की मगच ब्राउझर. घाई झालीच असेल तर गूगलच्या ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ यांचा साठा पुसायची सोय त्यांच्या वेबसाइटवर आहे, एखादं नाव तिथे देऊन पुसता येतं. गल्लीतल्या केबलवाल्याकडे अशी सोय मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे वाट बघणं हाच मार्ग.

टीटीएल त्याच दिवशी कमी करणं

आज टीटीएल ८६४०० आहे. सर्व्हर बदलतानाच तो ३०० केला, तर ज्यांनी तासाभरापूर्वी जुनं उत्तर घेतलं ते अजून २३ तास तेच वापरणार. नवा आकडा त्यांना कळतच नाही. तो दोन दिवस आधी कमी करा, पत्ता बदला, जुना सर्व्हर आणखी दोन दिवस चालू ठेवा, मग टीटीएल पूर्ववत करा. आणि सर्व्हर महापे-ऐरोलीतल्या डेटा सेंटरमध्ये, ऑफिसच्या शेजारीच असला म्हणून हा वेळ कमी होत नाही. अंतराशी त्याचा संबंध नाही.

राऊटर रिस्टार्ट करायचा असेल तर सगळ्यात शेवटी, आणि आधी मोबाईलचं वायफाय बंद करून, मोबाईल डेटावर तेच पान उघडून बघा. तिथे नवं आणि वायफायवर सगळ्यांनाच जुनं, तरच संशय राऊटरवर किंवा त्याच्या पुढच्या डीएनएस सर्व्हरवर घ्यायचा.

उलटं झालं, म्हणजे ऑफिसात नवं पान आणि मोबाईल डेटावर जुनं, तर बहुतेक एएएए रेकॉर्ड बदलायचं राहिलं आहे. ए रेकॉर्ड आयपीव्ही४ चा पत्ता देतं, एएएए आयपीव्ही६ चा. आपल्याकडे मोबाईलच्या नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतं, ऑफिसच्या जुन्या राऊटरवर पुष्कळदा नसतं, त्यामुळे मोबाईल जुन्याच सर्व्हरवर पोचत राहतो. एनएसलुकअप -टाइप=एएएए मारून बघा. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल तर तो भरा, नसेल तर ते जुनं रेकॉर्ड काढून टाका आणि त्याचा टीटीएल संपेपर्यंत थांबा.