बिनस्क्रीनच्या व्हीएमला डिस्प्ले जोडण्याआधी

सर्व्हर म्हणून उभ्या केलेल्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) स्क्रीन नसते आणि एसएसएच (नेटवर्कवरून कमांड देण्याची सुरक्षित वाट) चालू आहे तोवर तिची आठवणही होत नाही. आठवण होते ती गेस्ट (व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टिम) बूटच होत नाही तेव्हा, किंवा एखादा इन्स्टॉलर माऊसशिवाय पुढे सरकायला तयार नसतो तेव्हा. पुढची तयारी लिनक्स होस्टवरच्या (ज्या खऱ्या मशीनवर व्हीएम चालते त्यावरच्या) क्यूएमू-केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या आणि लिबव्हर्ट या तिचा कारभार बघणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आहे. व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांना हे सव्यापसव्य सहसा करावं लागत नाही.

आधी गरज तपासा. चालू गेस्टमधल्या एखाद्या प्रोग्रॅमची खिडकी बघायची एवढंच काम असेल, तर गेस्टमध्ये एक्सआरडीपी (रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर) टाका आणि व्हीएमच्या हार्डवेअरला हातच लावू नका. पण ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) मेनू, एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड, कर्नल पॅनिक (सिस्टिमचा गाभाच कोसळणं), विंडोजचं इन्स्टॉलेशन या गोष्टी नेटवर्क येण्याआधी किंवा ते नसताना घडतात. तिथे हायपरवायझरनेच (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनेच) स्क्रीन द्यायला हवी.

ही स्क्रीन म्हणजे एक वस्तू नव्हे, तीन आहेत. गेस्टला दिसणारं व्हिडिओ कार्ड, त्या कार्डावरचं चित्र होस्टवरून बाहेर देणारा व्हीएनसी किंवा स्पाइस सर्व्हर, आणि कीबोर्ड-माऊस. ‘काळी स्क्रीन येते’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा यातल्या एकाचाच विचार झालेला असतो.

पण या तिन्हींच्या आधी मागचं दार उघडं ठेवा, म्हणजे सीरियल कन्सोल (सीरियल पोर्टवरून मिळणारी नुसत्या मजकुराची वाट). ‘व्हर्श कन्सोल’ ही लिबव्हर्टची कमांड चालवून लॉगिन प्रॉम्प्ट येतो का, हे आजच बघा. डिस्प्ले बिघडल्यावर नाही. येत नसेल तर गेस्टच्या कर्नल पॅरामीटरमध्ये (बूट होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांमध्ये) सीरियल पोर्ट कन्सोल म्हणून द्यावा लागेल. पुढे स्क्रीनचा कन्सोलही तिथेच जोडाल तेव्हा क्रम लक्षात घ्या. ज्याचं नाव शेवटी, तो मुख्य कन्सोल. सेवा चालू-बंद होण्याचे संदेश तिकडे जातात, त्यामुळे स्क्रीन नुसती रिकामी दिसली तरी मशीन आतून धडधाकट असू शकतं. शिवाय क्लाउड इमेजमध्ये (क्लाउडसाठी तयार मिळणाऱ्या डिस्कमध्ये) युजरला बहुधा पासवर्डच नसतो, फक्त एसएसएचची किल्ली असते. म्हणजे प्रॉम्प्ट आला तरी आत शिरता येणार नाही. पासवर्ड आधीच लावून ठेवा.

हा आटापिटा कशासाठी, तर नवं कार्ड म्हणजे पीसीआय बसवर (उपकरणं जोडण्याच्या अंतर्गत मार्गावर) नवं उपकरण. लिबव्हर्ट जुन्या उपकरणांचे पत्ते एक्सएमएलमध्ये (व्हीएमचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) लिहून ठेवतं, त्यामुळे तिथे सहसा गडबड होत नाही. पण क्यूएमूची लांबलचक कमांड एखाद्या स्क्रिप्टमधून चालवत असाल, तर उपकरणांच्या क्रमावर पत्ते ठरतात. नेटवर्क कार्ड एक घर पुढे सरकलं की गेस्टमधलं इंटरफेसचं नाव बदलतं, जुन्या नावाने लिहिलेलं नेटवर्क कॉन्फिगरेशन लागू होत नाही आणि एसएसएच जातं. माझं मत विचाराल तर नेटवर्कचं कॉन्फिगरेशन मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावर) बांधणं हाच यावरचा खरा उपाय.

मग व्हीएमचं एक्सएमएल ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ने फाइलमध्ये उतरवून ठेवा. मॅनेज्ड सेव्ह (चालू गेस्टची मेमरी डिस्कवर ठेवून थांबवलेली अवस्था) पडून असेल तर गेस्ट चालू करून रीतसर बंद करा. सेव्ह केलेली मेमरी जुन्या हार्डवेअरची असते, बदललेल्या मशीनवर ती बसत नाही. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉटलाही हेच लागू. बदल केल्यावर गेस्टमधून रीबूट करून काही होत नाही, कारण होस्टवरची क्यूएमूची प्रोसेस तीच राहते. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, तेव्हा तेवढा वेळ आधी मागून घ्या.

कार्ड कोणतं? ग्राफिक्स जोडलं आणि कार्ड सांगितलंच नाही, तर लिबव्हर्ट स्वतःच एक निवडतं. ते त्याच्यावर सोडू नका. सिरस हे १९९०च्या दशकातल्या चिपची नक्कल आहे, क्यूएमूनेही २.२ आवृत्तीपासून त्याला डीफॉल्टवरून काढलं. खूप जुनी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तरच ते घ्या. लिनक्स गेस्टला व्हर्टिओ (व्हीएमसाठीच आखलेलं कार्ड) द्यावं, त्याचा ड्रायव्हर कर्नल ४.२ पासून आहे. ज्याबद्दल काहीच खात्री नाही अशा गेस्टला साधं स्टँडर्ड व्हीजीए द्या, ते जवळपास सगळीकडे उजेड पाडतं. मात्र त्याची व्हिडिओ मेमरी मुळात १६ एमबी असते. १९२० गुणिले १०८०, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ८ एमबी, ते मावतं. ३८४० गुणिले २१६० ला जवळपास ३२ एमबी लागतात, ते मावत नाही. तेवढी मोठी स्क्रीन हवी असेल तर आकडा आधीच वाढवा. विंडोज गेस्ट असेल तर व्हर्टिओ ड्रायव्हरांची आयएसओ फाइल (सीडीची प्रत) उतरवून दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून ठेवा.

होस्टकडून चित्र बाहेर द्यायला व्हीएनसी की स्पाइस, यावर वाद घालणारे घालोत. स्पाइसमध्ये क्लिपबोर्ड आणि आवाज सोयीने मिळतो, गेस्टमध्ये त्याचा एजंट टाकला की खिडकीबरोबर रिझोल्यूशनही बदलतं. पण रेड हॅटने आपल्या आरएचईएल ९ या लिनक्समधून स्पाइस आणि त्याच्या जोडीचं क्यूएक्सएल कार्ड दोन्ही काढून टाकलं. तुमचे होस्ट त्या घराण्यातले असतील किंवा व्हीएम पुढेमागे तिकडे जाणार असेल, तर आजच व्हीएनसी आणि व्हर्टिओ घ्या. नव्या डेबियन-उबुंटूत स्पाइस आणि ओपनजीएलचे (३डी ग्राफिक्सचे) भाग वेगळ्या पॅकेजांत असतात, ती होस्टवर आहेत का तेही बघून घ्या.

सुरक्षिततेत मात्र सूट नको. व्हीएनसीचे पोर्ट ५९०० पासून सुरू होतात, मूळ प्रोटोकॉलमध्ये चित्र उघड्यावर जातं, आणि त्याच्या पारंपरिक पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात. म्हणजे तुम्ही कितीही लांब वाक्य टाका, कुलूप ८ अक्षरांचंच. ऐकण्याचा पत्ता १२७.०.०.१ (फक्त होस्टलाच दिसणारा) हाच ठेवा आणि बाहेरून एसएसएचच्या बोगद्यातून या. व्हर्ट-व्ह्यूअर या स्क्रीन बघायच्या प्रोग्रॅमला एसएसएचचा पत्ता दिला तर तो हा बोगदा स्वतःच खणतो. ‘तात्पुरतं’ म्हणून ०.०.०.० वर (म्हणजे सगळ्या नेटवर्कला) उघडलेला डिस्प्ले पुढे कोणी बंद करत नाही.

गेस्टच्या आत दोन गोष्टी. क्लाउडसाठी बारीक केलेल्या काही कर्नलांमधून ग्राफिक्सचे ड्रायव्हर वगळलेले असतात. असं असेल तर तुमच्या लिनक्सच्या डिस्ट्रोचं (वाणाचं) नेहमीचं कर्नल टाका. डेस्कटॉप हवा असेल तर रॅम मोजा. १ जीबीत नोम या जड डेस्कटॉपचा हट्ट धरू नये, हलका एक्सएफसीई बरा. आणि ३डी प्रवेग नसेल तर सगळं रंगकाम सीपीयूच करतो, हे शेजारच्या व्हीएमनाही जाणवतं. ३डी हवंच असेल तर होस्टवर खरं जीपीयू लागतं, व्हर्टिओमध्ये ते वेगळं चालू करावं लागतं आणि व्हीएनसीबरोबर वापरताना ईजीएल-हेडलेस (होस्टच्या स्क्रीनशिवाय ३डी रंगवणारा क्यूएमूचा भाग) जोडावं लागतं. मला विचाराल तर पहिल्या फेरीत ते नकोच. आधी साधं चित्र येऊ द्या.

माऊसला विसरू नका. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) लिबव्हर्ट जुन्या पद्धतीचा पीएस/२ माऊस देतं, आणि तुमचा बाण एकीकडे तर गेस्टचा भलतीकडे असा खेळ सुरू होतो. यूएसबी टॅब्लेट (बाणाची नेमकी जागा कळवणारं आभासी उपकरण) जोडला की बाण जागेवर येतो. एआरएम प्रोसेसरच्या ‘व्हर्ट’ या क्यूएमूच्या मशीनवर तर पीएस/२ नाहीच. तिथे यूएसबी कंट्रोलर, कीबोर्ड आणि टॅब्लेट हाताने जोडले नाहीत तर लॉगिनची स्क्रीन नुसती बघत बसावी लागते.

आणि त्या व्हीएमवर मराठी मजकूर उघडणार असाल तर पॅकेजांच्या यादीत देवनागरी फॉन्टही घाला, लोहित किंवा नोटो. किमान इन्स्टॉलेशनमध्ये ते नसतात आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. इन्स्क्रिप्टचा लेआउट गेस्टमध्येच लावा, आणि लिबव्हर्टमधलं व्हीएनसीचं कीमॅप (कळांची मांडणी) रिकामं राहू द्या.