आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी मॅनेजर टीमसाठी कसा लावावा

सोर्स कोड गिटमध्ये राहतो हे प्रत्येक डेव्हलपरला ठाऊक असते; पण त्या कोडचे बिल्ड होऊन निघालेली जार फाइल (जावाची), एनपीएम पॅकेज (जावास्क्रिप्टचे) किंवा डॉकर इमेज नेमकी कुठे ठेवली जाते असे विचारले, की एकाच टीममधून तीन वेगळी उत्तरे येतात. कुणी ती जेनकिन्स या बिल्ड सर्व्हरच्या मशीनवरून उचलतो, कुणी शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो, आणि बाहेरच्या लायब्ररी तर ज्याचा त्याचा लॅपटॉप थेट इंटरनेटवरून आणतो. आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी मॅनेजर म्हणजे या सगळ्या मालाचे एकच कोठार. त्याचा खरा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा आत येणारा आणि बाहेर जाणारा सगळा माल याच एका दारातून जातो. मागचे एखादे दार उघडे राहिले, तर पुढे सांगितलेल्या बहुतेक सोयी कागदावरच राहतात.

सोनाटाइपचे नेक्सस रिपॉझिटरी आणि जेफ्रॉगचे आर्टिफॅक्टरी ही या कामातील दोन सर्वाधिक परिचित नावे आहेत. पुढील विवेचन नेक्ससच्या परिभाषेत केले असले, तरी कल्पना दोन्हीकडे सारख्याच आहेत. नेक्ससमध्ये होस्टेड, प्रॉक्सी आणि ग्रुप असे रिपॉझिटरीचे तीन प्रकार असतात. आर्टिफॅक्टरी त्यांनाच लोकल, रिमोट आणि व्हर्च्युअल म्हणते. टीमने स्वतः तयार केलेला माल होस्टेडमध्ये जातो. मेव्हन सेंट्रलसारख्या बाहेरच्या रिपॉझिटरीतून मागवलेल्या फाइलची प्रत प्रॉक्सीमध्ये साठते. ग्रुप या दोहोंना एकाच पत्त्यामागे एकत्र करतो, त्यामुळे डेव्हलपरला तो एकच पत्ता लक्षात ठेवावा लागतो.

इन्स्टॉलेशननंतरचे पहिले काम म्हणजे प्रत्येक मशीन या पत्त्याकडे वळवणे. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनासाठी सेटिंग्ज डॉट एक्सएमएलमध्ये मिरर लिहून त्यातील ‘मिरर-ऑफ’ या टॅगमध्ये ताराचिन्ह (*), म्हणजे सर्व रिपॉझिटरी, असे द्यावे. एनपीएमसाठी डॉट एनपीएमआरसी या फाइलमध्ये रजिस्ट्रीचा पत्ता बदलावा. बदल खरोखर लागू झाला की नाही, हे पाहण्याची साधी रीत अशी: एका मशीनवरील मेव्हनचा स्थानिक साठा बाजूला हलवावा, बिल्ड चालवावे आणि लॉगमधील ‘डाउनलोडिंग फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचाव्यात. त्या प्रत्येक ओळीत आपल्याच सर्व्हरचा पत्ता दिसला पाहिजे. खात्री पटली की बिल्ड सर्व्हरवरून मेव्हन सेंट्रल आणि एनपीएमकडे थेट जाणारी वाट फायरवॉलने बंद करावी. हे पाऊल अनेक टीम टाळतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिथेच होते.

प्रॉक्सीमुळे डाउनलोडचा वेळ वाचतो हे खरे. पण तिचे मोल बाहेरचा पुरवठा तुटतो तेव्हा कळते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेली जगभरातील असंख्य बिल्ड कोसळली. ज्यांच्या प्रॉक्सीमध्ये प्रत साठलेली होती, त्यांचे काम चालू राहू शकत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने लॉगिन न करता इमेज घेणाऱ्यांवर दर सहा तासांना १०० पुलची, म्हणजे डाउनलोडची, मर्यादा घातली. ती आयपी पत्त्यामागे मोजली जात असल्याने, एकाच पत्त्यावरून बाहेर पडणाऱ्या संपूर्ण ऑफिसचा कोटा सकाळच्या काही बिल्डमध्येच संपू शकत होता. डॉकर प्रॉक्सी लावली की तीच इमेज एकदा येते आणि पुढे सर्वांना आतून मिळते.

प्रॉक्सीची एक खोड मात्र आधीच माहीत असावी. मागितलेली फाइल बाहेर सापडली नाही, तर ‘ती नाही’ हे उत्तरही नेक्सस साठवून ठेवते, आणि या साठ्याची मूळ मुदत १४४० मिनिटे, म्हणजे पूर्ण एक दिवस, असते. त्यामुळे एखादी लायब्ररी प्रसिद्ध होण्याच्या पाच मिनिटे आधी कुणी ती मागितली, की नंतर ती उपलब्ध होऊनही दिवसभर ‘४०४’ येत राहतो आणि डेव्हलपर आपल्याच कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत बसतो. अशा वेळी त्या रिपॉझिटरीच्या पानावरील ‘इनव्हॅलिडेट कॅशे’ दाबावे, आणि मेव्हन ‘-U’ (मोठ्या लिपीतला यू) हा पर्याय देऊन पुन्हा चालवावे, कारण मेव्हनसुद्धा अपयशाची नोंद स्वतःकडे ठेवतो.

होस्टेड रिपॉझिटरी तयार करताना रिलीज (पक्के झालेले व्हर्जन) आणि स्नॅपशॉट (अजून काम चालू असलेले व्हर्जन) यांच्यासाठी दोन स्वतंत्र रिपॉझिटरी ठेवाव्यात. रिलीजच्या रिपॉझिटरीचे डिप्लॉयमेंट धोरण ‘डिसेबल रीडिप्लॉय’ असेच असले पाहिजे, म्हणजे १.४.२ हे व्हर्जन एकदा चढले की त्याच क्रमांकाने दुसरी फाइल चढवता येत नाही. या एका पर्यायाबद्दल मी आग्रही आहे, आणि त्याला कारण आहे. पूर्वी मी ज्या टीममध्ये होतो, तिथे हे धोरण सैल होते. एका सहकाऱ्याने छोटीशी दुरुस्ती करून तेच रिलीज पुन्हा चढवले. चाचणीच्या सर्व्हरवर जुनी फाइल होती, प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर नवी. दोन्हीकडे व्हर्जन तेच दिसत होते आणि दोन्हींचे वागणे निराळे होते. दोन दिवस लॉग वाचल्यावर कुणीतरी दोन्ही फाइलचे शा-२५६ चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारे ठसे, काढून शेजारी शेजारी ठेवले, आणि पहिल्या चार अक्षरांतच उलगडा झाला. दुरुस्ती असेल तर क्रमांक १.४.३ द्यावा, आकडे फुकट मिळतात.

सुरक्षेच्या दृष्टीने राउटिंग रूल, म्हणजे कोणती मागणी बाहेर जाऊ द्यायची हे ठरवणारा नियम, ही सर्वांत दुर्लक्षित सोय आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये संशोधक अलेक्स बिर्सान यांनी दाखवून दिले, की कंपनीच्या अंतर्गत पॅकेजचेच नाव घेऊन, मोठ्या व्हर्जन क्रमांकाचे पॅकेज सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकले, तर अनेक बिल्ड यंत्रणा ते बाहेरचे पॅकेज उचलतात. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलसारख्या कंपन्यांच्या यंत्रणांतही त्यांचा कोड याच मार्गाने पोहोचला होता. यावर उपाय म्हणून आपल्या ग्रुप आयडीने (मेव्हनमध्ये पॅकेजच्या नावाचा कंपनीदर्शक पहिला भाग) किंवा एनपीएम स्कोपने (एनपीएममधला तसाच भाग) सुरू होणारे सर्व मार्ग राउटिंग रूलमध्ये ‘ब्लॉक’ म्हणून लिहावेत आणि तो रूल प्रत्येक प्रॉक्सीला जोडावा. पायथन वापरणाऱ्यांनी पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ देणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यात दोन्ही ठिकाणचे पर्याय एकाच तागडीत तोलले जातात. ‘इंडेक्स-यूआरएल’मध्ये ग्रुपचा एकच पत्ता द्यावा.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा प्रत्येक टीमपुढे पहिला प्रश्न होता, ‘हे आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ एकच दार असेल तर कोठारात ‘लॉगफोरजे-कोअर’ असे शोधून आलेली सर्व व्हर्जन आणि प्रत्येक फाइल शेवटची कधी डाउनलोड झाली ती तारीख लगेच पाहता येते. आधीच बांधून ठेवलेल्या मोठ्या जारच्या पोटात काय दडले आहे, ते या शोधातून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र स्कॅनर लागतो.

अधिकारांबाबत नियम सोपा ठेवावा: वाचण्याची परवानगी सर्व डेव्हलपरना, आणि रिलीज चढवण्याची केवळ बिल्ड सर्व्हरच्या खात्याला.

डिस्क मात्र नक्की भरते, म्हणून क्लीनअप पॉलिसी पहिल्याच आठवड्यात लावावी. स्नॅपशॉट आणि प्रॉक्सी यांना ‘३० दिवसांत डाउनलोड न झालेले काढा’ असा नियम चालतो. तोच नियम रिलीजला लावू नये, कारण वर्षभर व्यवस्थित चालणारे रिलीज कुणी पुन्हा डाउनलोड करत नाही, आणि नेमकी तीच फाइल नाहीशी होते. शिवाय नेक्ससमध्ये काढलेली फाइल आधी केवळ खूण करून ठेवली जाते. ‘कॉम्पॅक्ट ब्लॉब स्टोअर’ हे टास्क चालेपर्यंत जागा मोकळी होत नाही.

ब्लॉब स्टोअर म्हणजे फाइल प्रत्यक्ष साठण्याची जागा. होस्टेड आणि प्रॉक्सी यांचे ब्लॉब स्टोअर सुरुवातीलाच वेगळे करावेत, कारण ही निवड नंतर बदलणे कटकटीचे असते. होस्टेडचा बॅकअप रोज घ्यावा, प्रॉक्सीचा आठवड्यातून एकदा पुरतो. डेटाबेस (फाइलींची यादी) आणि होस्टेडचे ब्लॉब स्टोअर यांचा बॅकअप एकाच वेळचा असावा, नाहीतर यादीत फाइल दिसते आणि साठ्यात ती नसते. बॅकअप झाला म्हणून थांबू नये: तो रिकाम्या मशीनवर उतरवावा, त्या मशीनचे इंटरनेट बंद करावे, आणि ज्यासाठी लागणाऱ्या लायब्ररी साठ्यात असायलाच हव्यात असा सध्या वापरात असलेल्या रिलीजचा गिटमधील टॅग तिथल्या कोठारावरून पुन्हा बिल्ड करून पाहावा. बिल्ड जिथे अडते, ती लायब्ररी क्लीनअपमध्ये निघून गेली नसेल किंवा बॅकअपनंतर आलेली नसेल, तर आजही मागच्या दाराने येत आहे.