जुन्या कीबोर्डमधील स्विच न उघडता ओळखणे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे जुना कीबोर्ड मिळाला, तर त्यात कोणते स्विच (प्रत्येक कळीखालचा, दाब नोंदवणारा भाग) आहेत हे बाहेरून कळत नाही आणि केवळ टकटक आवाजावरून केलेला अंदाज अनेकदा चुकतो.

१. कागदाच्या दोन क्लिपा सरळ करून टोकांना हुकासारखे लहान आकडे काढावेत, ते कळीच्या दोन विरुद्ध कडांखाली अडकवावेत आणि कळीची टोपी सरळ वर उचलावी. त्यासाठी स्क्रोल लॉकसारखी क्वचित वापरली जाणारी कळ निवडावी, कारण तिच्याखालच्या दांडीचा (टोपी जिच्यावर बसते त्या स्विचच्या भागाचा) रंग मळलेला नसतो.

२. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात दांडीचा आकार पाहावा. अधिकचे चिन्ह दिसल्यास स्विच बहुधा चेरी कंपनीच्या एमएक्स पद्धतीचा असतो, तर आयताकृती खाच असल्यास आल्प्स कंपनीच्या पद्धतीचा. आयबीएमच्या १९८० च्या दशकातील मॉडेल एम कीबोर्डमध्ये टोपी व तिच्याखालची दांडी काढल्यावर उभी स्प्रिंगच समोर येते.

३. रंग त्यानंतरच पाहावा: चेरीमध्ये निळी दांडी टिकटिकते, तपकिरी दाबताना मध्येच हलका अडथळा जाणवतो आणि काळी सलग खाली जाते. आल्प्समध्ये मात्र एकाच रंगाचे वेगवेगळे प्रकार आढळत असल्याने मला रंगापेक्षा आकार अधिक भरवशाचा वाटतो.

स्पेसबारसारख्या लांब कळी ओढू नयेत. त्यांच्याखाली तार अडकवलेली असते, आणि आपल्या दमट हवेत ती गंजलेली असल्यास तिला धरणारा प्लास्टिकचा आकडा सहज तुटतो.